हाक ऐकू येते, ओ जात नाही

या सदरात दर दिवाळीला मी आमच्याच घरातल्या कोणाची तरी फजिती सांगतो, आणि मग ते माणूस संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत माझ्याशी बोलत नाही. यंदा पाळी माझ्या भाच्याची आहे. त्याची परवानगी घेतली आहे. फक्त "मामा, आकडे चुकवू नका," एवढी अट त्याने घातली. तेव्हा आकडे त्याचे आणि शब्द माझे.

माझी सासुरवाडी जालन्याची. 'जालना, सोने का पालना' ही म्हण लग्नाच्या आधी मला ऐकवण्यात आली होती. त्यातल्या सोन्याचा अनुभव अजून यायचा आहे. भाचा तिथल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला. गेल्या दिवाळीत आम्ही उभयता जालन्याला गेलो, तेव्हा तोही फराळाला आला. त्याच्या खांद्याला गळाच्या काठ्या ठेवतात तसली लांबट पिशवी होती. सासूबाईंनी ती पाहून हळूच विचारले, "हा मासे धरतो का हो?"

पिशवीत गळ नव्हता, एरियल होते.

हा मुलगा हौशी रेडिओवाला आहे. इंग्रजीत अशांना हॅम म्हणतात. एके काळी घरात नुसता रेडिओ ऐकायचा तरी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. ते परवाने केव्हाच गेले. परंतु रेडिओवरून बोलायचे असेल तर आजही केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. मग तुम्हाला 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होणारे एक हाकेचे नाव मिळते. त्या नावाने जगातल्या कोणाही परवानेवाल्याला साद घालावी. पैसे घ्यायचे नाहीत, धंदा करायचा नाही आणि सांकेतिक भाषेत गुपिते बोलायची नाहीत. बाकी तुम्ही आणि तुमचे आकाश.

त्याला हा नाद लावला त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या ताईच्या सासऱ्यांनी. ते बंगळूरला असतात. वय चौऱ्याऐंशी. अंगणातल्या दोन नारळांच्या मध्ये त्यांची वीस मीटरची तार बांधलेली आहे, आणि दर रविवारी सकाळी साडेसातला ते मोर्सच्या कळीवर बसतात. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडचे तारखाते बंद झाले आणि तारमास्तरांचे 'कडकट्ट' संपले असे आपण समजतो. ते संपलेले नाही. या हौशी मंडळींनी ते जिवंत ठेवले आहे. फक्त कडकट्टच्या जागी एक बासरीसारखा सूर तुटक तुटक वाजतो.

आता तुम्ही विचाराल, आणि मीही विचारले, की नातवाला आजोबांशी बोलायचे तर खिशात मोबाईल आहे ना? भाचा म्हणाला, "मामा, आजोबांना फोन ऐकू येत नाही."

म्हातारपणी कान जातात ते सरसकट जात नाहीत. आधी वरचे, बारीक सूर जातात. आणि बोलण्यातले स, त, क, फ हे सगळे त्या बारीक सुरांत असतात. त्यामुळे आजोबांना समोरचा बोलतो आहे हे कळते, परंतु काय बोलतो ते कळत नाही. घागरीत तोंड घालून कोणी बोलावे तसे ऐकू येते. कानातले यंत्र आणले, तेही टेबलाच्या खणात पडले आहे. परंतु खर्जातला एकच एक सूर, लांब आणि आखूड, हा त्यांना अजून स्वच्छ ऐकू येतो. घरातल्या माणसांपैकी ते कानाने फक्त नातवाचे बोलणे ऐकतात, आणि तेही मोर्समधून. मराठीच, रोमन अक्षरांत.

"मग लिहून पाठवावे की," मी म्हटले. "ताई त्यांना मोबाईलवर दाखवील."

"दाखवते ना. पण त्यात माझा हात नसतो."

कळ दाबण्याची प्रत्येकाची लकब निराळी असते म्हणे. आजोबा नातवाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून सांगतात, आज घाईत आहेस, आज झोप झालेली नाही. लिहिलेल्या निरोपात हे कसे यायचे?

जालन्याला नोकरी लागली आणि हा रविवार मोडला. घरमालकांनी गच्चीवर तार बांधू दिली नाही; वीज ओढली जाईल अशी त्यांना धास्ती. म्हणून हे पिशवीतले एरियल. जालन्यात केंद्र सरकारचे एक मोठे केंद्र आहे, उपग्रहांच्या लहरींवर पहारा ठेवणारे. ते थाळ्यांनी आकाशातले उपग्रह टिपतात, आणि त्याच गावात आमच्या पोराला आजोबा सापडत नव्हते.

थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कंटाळवाणे होऊ देणार नाही.

या दोघांची भेट ४० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास होते. हा पट्टा आपल्याला अगदीच परका नाही. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर, हिशेब केला तर ते आजच्या हौशी पट्ट्याच्या आतच पडते. तर या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर. जमिनीवर उभे करायचे एरियल तिच्या चतुर्थांश, म्हणजे दहा मीटर हवे. दहा मीटर म्हणजे तीन मजले. एवढी काठी पिशवीत मावत नाही. भाच्याची काठी एकात एक जाणाऱ्या नळ्यांची, पूर्ण ताणली तरी सव्वापाच मीटर. मग उरलेले अर्धे कोठून आणायचे? ते वेटोळ्यातून आणायचे.

तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. मिरजेचा मोठा तंबोरा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या शेजारी गाडीत नेता येते अशी छोटी तंबोरी ठेवा. तार आखूड झाली की सूर चढतो; पण तीच आखूड तार जाड घेतली, तर सूर पुन्हा खाली येतो. तंबोरी मोठ्याच्या सुरात बोलू लागते. वेटोळे हेच करते. बाजारात मिळते त्या दोन इंची प्लॅस्टिकच्या नळीवर तांब्याच्या तारेचे सोळा वेढे, एकमेकांना न चिकटता, अंतर ठेवून घातलेले. काठीच्या बुडाशी ते बसवले की सव्वापाच मीटरची काठी स्वतःला दहा मीटरची समजू लागते. सूर मोठ्या तंबोऱ्याचा लागतो, परंतु भोपळा लहानच राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तीच नडली.

वसुबारसेच्या पुढचा रविवार. अंबडच्या वाटेवर सासूबाईंच्या चुलत भावाची मोसंबीची बाग आहे. अंबे बहराची फळे उतरत होती. बागेच्या कडेच्या मोकळ्या तुकड्यात आम्ही सकाळी सातला काठी रोवली. बुडाशी एक लोखंडी खुंटी काळ्या मातीत ठोकली, केबलचे एक टोक तिला, एक वेटोळ्याला.

सूर लावणे पाहण्यासारखे होते. भाच्याने आधी मीटर काढलेच नाही. रेडिओ लावून नुसता कान दिला. चिमटा वेटोळ्याच्या एकेका वेढ्यावर सरकवत गेला, आणि कुठल्याशा वेढ्याला रेडिओतला खरखराट एकदम भरून आला, नळाला पाणी आल्यासारखा. "आजोबांची रीत," तो म्हणाला. "आधी कान, मग मीटर." एका वेढ्याने सूर फार सरकतो, म्हणून बारीक काम काठीच्या शेंड्याच्या नळीने करायचे. चार बोटे आत सारली की पन्नासेक किलोहर्ट्झ वर. आणि प्रत्येक वेळी काठीपासून पाच पावले लांब जाऊन पाहायचे, कारण माणूस जवळ उभा असला तरी सूर ढळतो. मी दोनदा हौसेने जवळ गेलो आणि दोनदा हाकलला गेलो.

मग त्याने आगपेटीएवढे नव्या तऱ्हेचे मीटर लावले. ते काय मोजते? आपण एरियलकडे जी शक्ती पाठवतो तिच्यातली किती दारातून परत येते, ते. एक हा आकडा आला म्हणजे काहीच परत आले नाही; वाढत जाईल तसे वाईट. आमचा आकडा आला १.१. भाच्याचा चेहरा फुलला. मीही त्याची पाठ थोपटली.

साडेसात वाजले. आणि आजोबा आले! सूर स्वच्छ, संथ. भाचा अक्षरे मोठ्याने वाचून दाखवीत होता: आधी त्याच्या हाकेचे नाव तीनदा, मग स्वतःचे. थांबले. भाच्याने ओ दिली. आजोबांनी पुन्हा तीच हाक घातली. भाच्याने पुन्हा ओ दिली. मग पुन्हा हाक.

वीस मिनिटे हे चालले. आजोबा हाका मारीत होते, आम्हाला अक्षर न् अक्षर ऐकू येत होते, आणि आमची ओ त्यांच्यापर्यंत जात नव्हती. मला मोर्समधले ओ की ठो कळत नाही. पण एकच नाव पुन्हा पुन्हा येते आहे आणि दोन हाकांमधली शांतता लांबत चालली आहे, एवढे कोणालाही कळले असते. शेवटी मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "काही ऐकू येत नाही म्हणून बसलेत. कानाला हात लावून बघतायत. त्यांना वाटतंय आता हेही गेलं."

भाच्याने काही न बोलता काठी मिटली.

त्याने ताईच्या मोबाईलवर सगळे सविस्तर लिहून कळवले: काठी किती, वेढे किती, खुंटी एक, मीटर १.१, आणि तुमचे कान ठीक आहेत, तुमची हाक मला पोहोचत होती. संध्याकाळी उत्तर आले. आजोबांनी वहीच्या पानावर लिहिलेल्या मजकुराचा फोटो. अक्षर थरथरते, मजकूर मुळीच नाही. पहिलेच वाक्य असे होते की, तुझा मीटर इतका चांगला दाखवतो हेच वाईट लक्षण आहे.

हा भाग मला समजायला दोन करंज्या लागल्या. तुमच्यासाठी सोपा करतो.

समजा तुम्ही दुधाचे भांडे शेजारणीकडे पाठवले. मीटर काय सांगतो? दूध दारातून परत आले नाही, एवढेच. ते मुलांनी प्यायले की मांजराने, हे तो सांगत नाही. आमच्या एरियलला मांजर होते, आणि ते मांजर म्हणजे जमीन. उभ्या काठीला खाली जोडीदार लागतो. वर जेवढी वीज चढते तेवढीच परत यायला खाली वाट लागते. ती वाट आम्ही एका खुंटीवर सोपवली होती. माती कितीही काळी आणि ओली असली तरी ती तांबे नव्हे.

आजोबांनी अंदाजी हिशेब मांडला होता. एवढ्या आखूड काठीचा आकाशाकडे जाणारा वाटा सहा ओहम. वेटोळ्याच्या तारेत तापून जातात ते दोन. मातीत मुरतात ते चाळीसेक. बेरीज अठ्ठेचाळीस, आणि केबलला नेमके पन्नास हवे असतात! म्हणून मीटर खूष. परंतु दहा वॉटपैकी आकाशात गेला सव्वा वॉट. बाकीच्याने मोसंबीची मुळे शेकली. आजोबांची हाक मात्र आम्हाला आली, कारण ऐकताना एरियल दुबळे असले तर आकाशातला खरखराटही त्याच प्रमाणात दुबळा होतो, आणि हाक त्याच्या वर राहते. बोलताना ही सवलत नाही.

उपाय एकच होता. जमिनीवर तारा पसरायच्या. सोळा तारा, प्रत्येकी पाच मीटर, काठीच्या बुडाशी एकत्र बांधून चहूकडे, छत्रीच्या काड्यांसारख्या. पुरायची गरज नाही.

दिवाळीच्या गर्दीत आम्ही विजेच्या सामानाचे दुकान गाठले आणि घरात वापरतात त्या बारीक वायरचे नव्वद मीटरचे बंडल घेतले. दुकानदाराने विचारले, "रोषणाई का?" मी हो म्हटले. सोळा पंचे ऐंशी. उरलेल्या दहा मीटरवर आमच्या मंडळींनी आकाशकंदिलासाठी तत्काळ हक्क सांगितला.

पाडव्याच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून पुन्हा बागेत. दवाने पाय भिजत होते. सोळा तारा ठिबकच्या नळ्या चुकवीत पसरायला तासभर गेला. तेवढ्यात शेजारच्या वावरातले एक गृहस्थ येऊन बांधावर उभे राहिले. समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेल्यापासून तार आणि खुंटी घेतलेला माणूस दिसला की लोक सावध होतात.

"मोजणी करायलेत का साहेब?"

मी सांगितले, रेडिओ आहे. त्यांनी काठी, वेटोळे, तारा सगळे नीट पाहिले आणि विचारले, "मोबाईल नाही का लागत इथं?"

प्रश्न रास्त होता. भाच्याने त्यांना किल्लारीची आठवण दिली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ते म्हणाले, इथेही मांडणीवरची भांडी वाजली होती. त्या वेळी निरोप पोचवायला हौशी रेडिओवाले गेले होते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपली मंडळी घेऊन अंदमानात हौस म्हणून रेडिओ लावायला गेल्या होत्या, आणि २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांवरची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला तोच हौसेचा रेडिओ कामी आला. मात्र भाचा प्रामाणिक आहे. त्याने लगेच हेही सांगितले की, उद्या जालन्याहून लातूरला किंवा पुण्याला निरोप पाठवायचा झाला तर ही उभी काठी कामाची नाही. उभी काठी आपली शक्ती क्षितिजाच्या बाजूला फेकते, डोक्यावर जवळजवळ नाही. जवळच्या गावाला लहर सरळ वर जाऊन उलटी खाली यावी लागते. त्याला जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवी बांधलेली साधी तार बरी. बंगळूर पडते पावणेआठशे किलोमीटरवर, म्हणून काठी चालते. गृहस्थांना हे पटले. ते बसलेच.

तारा जोडून मीटर लावला. आकडा आला २.५!

"बिघडले," मी म्हटले.

"सुधारले," भाचा म्हणाला, परंतु त्याचाही आवाज बारीक होता. पत्रात हेच लिहिले होते. मातीचे चाळीस उतरून बारावर आले, बेरीज झाली वीस, आणि पन्नासाशी वीस जुळत नाहीत. मांजर उठून गेले आणि हिशेब चुकल्यासारखा दिसू लागला. आकाशाचा वाटा मात्र दहातले तीन वॉट. आता जुळवून घ्यायचे ते मातीकडून नव्हे, तांब्याकडून. तीन-चार वेढ्यांचे एक धाकटे वेटोळे केबलच्या दोन टोकांमध्ये बांधले, मोठ्या वेटोळ्यावरचा चिमटा अर्धा-पाऊण वेढा कमी केला, शेंड्याची नळी जराशी सारली. १.३ वर मीटर थांबला. भाचा त्याहून पुढे गेला नाही. मला वाटले आणखी खाली आणावा. पण आकड्याच्या नादाला एकदा लागून पाहिले होते.

साडेसातला हाक आली. तीनदा नाव, मग थांबले. भाच्याने ओ दिली.

शांतता.

मग सूर आला, आणि या वेळी हाकेचा नव्हता. भाचा वाचेना. मी म्हटले, "अरे, काय म्हणतात?" त्याने मान हलवली आणि पेन्सिलीने कागदावर लिहिले: 'आलास. बारीक आहेस पण सगळी अक्षरे येतात.'

पाडव्याचा नमस्कार वगैरे झाला असेल असे तुम्हाला वाटेल. छे! आजोबांनी लगेच हुकूम सोडला: तारा सोड, फक्त खुंटी ठेव, सूर लावून पुन्हा पाठव. आकाश घटकेघटकेला बदलते, रविवारचे ऐकणे आणि आजचे ऐकणे यांची तुलना करता येत नाही. तोलायचे तर एकाच बैठकीत. भाच्याने मुकाट्याने तारा सोडल्या आणि पाठवले. उत्तर आले, तीनातले एक अक्षर गळते आहे. पुन्हा जोडल्या. उत्तर आले, आता ठीक. तिसऱ्यांदा सोडायला सांगितले तेव्हा बांधावरचे गृहस्थ स्वतः उठून मदतीला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस पावणेआठशे किलोमीटरवरून आम्हा तिघांना ओणवे करीत होता.

मग कुठे गप्पा सुरू झाल्या. ताईच्या चकल्या मऊ झाल्याचे मला त्या दिवशी मोर्समधून कळले. शेवटी भाच्याने लिहिले ते मी त्याच्या खांद्यावरून वाचले: 'हात जड आहे आज. रात्रपाळी?' होतीच. त्याने ती कोणालाही सांगितली नव्हती.

साडेआठला दोघांनी ७३ म्हटले. हा त्यांचा रामराम. गृहस्थांनी विचारले, पुढच्या रविवारी येणार का? येणार असाल तर तारा इथेच राहू द्या, मी बकऱ्या पलीकडे बांधीन. भाच्याने आभार मानले, पण तारा गोळा केल्या. नवीन वस्तूची माया असते. मोजल्या तर पंधरा भरल्या. आम्ही दोघे वाकून गवत चाळू लागलो, तोवर गृहस्थांनी बांधाकडे बोट दाखवले. त्यांची एक शेळी पायात पाच मीटर वायर घेऊन, मोसंबीच्या दोन झाडांना वळसा घालून, निवांत उभी होती.